‘दिवे सोडले का गं?’ : सात तास न टिकलेल्या आठवणींचं प्रकरण

पार्श्वभूमी

सातारा शहरातल्या एका मध्यम आकाराच्या रुग्णालयात मी फिजिशियन म्हणून काम करते. हे प्रकरण कुटुंबाच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. रुग्णाला मी ‘बाई’ म्हणेन, कारण वॉर्डात त्यांना सगळे तेच म्हणत होते. आमच्या एका सिस्टरला त्यांनी चौथीला शिकवलं होतं.

बाईंचं वय ६३. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. बीपीची एक गोळी चालू, मधुमेह नाही. तरुणपणी अर्धशिशीचा त्रास होता, पाळी गेल्यावर तो थांबला. मुलगा पुण्याला नोकरीला, बाई गावी धाकट्या जाऊबाईंसोबत एकाच वाड्यात राहतात. त्या वर्षी घरात दोन मोठ्या गोष्टी घडल्या होत्या. जूनमध्ये त्यांचा थोरला भाऊ, दादा, पक्षाघाताने गेला होता. ऑगस्टमध्ये मुलाला मुलगा झाला होता. या दोन्ही गोष्टी पुढे फार महत्त्वाच्या ठरल्या, म्हणून इथेच नोंदवून ठेवते.

दोघी जावा कार्तिकभर पहाटे घरीच स्नान करत. पौर्णिमेला मात्र नेमाने संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर जात.

त्या पहाटे काय घडलं

सहाच्या सुमारास दोघी पाण्यात उतरल्या. बाईंनी तीन बुड्या मारल्या. पाणी चांगलंच गार होतं, बाई क्षणभर धापा टाकत उभ्या राहिल्या, मग वर आल्या. लुगडं बदललं, द्रोणातले दोन दिवे स्वतःच्या हाताने पाण्यात सोडले, पायरीवर बसल्या. वर देवळात काकडआरती संपत आली होती. तेवढ्यात त्यांनी जाऊबाईंना विचारलं, “आपण इथं कशाला आलोय गं?”

जाऊबाईंना वाटलं, चेष्टा करतात. त्या म्हणाल्या, “अवो आक्का, पुनव न्हाई का आज?” “अगं बाई, हो का? मग दिवे सोडले का गं?” “आत्ताच तर सोडलं की.” बाईंनी मान डोलावली, पदर सावरला, आणि दीड-दोन मिनिटांत पुन्हा, अगदी त्याच सुरात, “आपण इथं कशाला आलोय गं?”

घाटावरच्या बायका जमल्या. कुणी म्हणालं गारठा डोक्यात गेला, कुणी म्हणालं बाहेरची बाधा आहे, लिंबू उतरवा. जाऊबाईंनी पुतण्याला फोन लावला, तो गाडी घेऊन आला, आणि ७.१० ला बाई आमच्या कॅज्युअल्टीत होत्या. चालत आल्या. मला नमस्कार केला. बसायला सांगितल्यावर बसल्या. रस्त्यावरून जाताना कुणाला त्यांच्यात काही खोट दिसली नसती.

प्रश्न काय होता

साठी उलटलेल्या माणसाला अचानक काहीही झालं की पहिला विचार पक्षाघाताचा, आणि तो तसाच यायला हवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं. म्हणजे ‘शेवटचं ठीक कधी होत्या’ या एका वेळेवर सगळं अवलंबून. ही वेळ जिला ठाऊक होती ती जाऊबाई बाहेर बाकावर, ओल्या कपड्यांचं बोचकं मांडीवर घेऊन बसली होती. मी मात्र पुतण्याशी बोलले, जो घाटावर नव्हताच. मग पुण्याच्या मुलाशी फोनवर बोलले, जो शंभर किलोमीटरवर होता. पंधरा मिनिटं अशी गेली. शेवटी सिस्टरनेच जाऊबाईंना आत आणलं. त्यांनी एका वाक्यात सांगितलं, “काकडआरतीची शेवटची घंटा झाली तवर आक्का चांगल्या होत्या.” म्हणजे साधारण ६.२०.

ग्लुकोमीटरवर शुगर ११८. हे सर्वांत आधी बघायचं, कारण शुगर उतरलेला माणूसही असाच भरकटतो. बीपी १६८/९४. चेहरा सरळ, हातापायांत ताकद सारखी, बोलणं स्पष्ट, दोन्ही बाजूंची नजर पूर्ण. नजरेचं क्षेत्र मी दोनदा तपासलं, कारण मेंदूच्या मागच्या बाजूला जाणारी जी धमनी हिप्पोकॅम्पसला, म्हणजे नव्या आठवणी घडवणाऱ्या भागाला, रक्त पुरवते, तीच पाहण्याच्या केंद्रालाही पुरवते. तिच्यात गुठळी अडकली तर विस्मरणासोबत नजरेचा एक भाग जाण्याची शक्यता मोठी. डोक्याला मार नाही, झटका आल्याचं कुणी पाहिलं नाही, जीभ चावलेली नाही.

मग स्मरणाची तपासणी. मी तीन शब्द दिले: लिंबू, किल्ली, बैलगाडी. त्यांनी लगेच परत म्हणून दाखवले. पाच मिनिटांनी विचारलं तर तीन शब्द दिले होते हेच त्यांना माहीत नव्हतं. स्वतःचं नाव, शाळा, पहिली नेमणूक कुठे झाली, सगळं नीट. पावकी आणि निमकी न अडखळता म्हणाल्या. सिस्टर आत आली की प्रत्येक वेळी चेहरा खुलायचा: “तू वेशीजवळच्या दुकानातली धाकटी ना?” तीस वर्षांपूर्वीची मुलगी ओळखू येत होती, पण तीच सिस्टर चार मिनिटांपूर्वी बीपी मोजून गेल्याचं पुसलेलं असायचं. ऑगस्टमधला नातू त्यांना आठवत नव्हता. जूनही नव्हता.

कोणते पर्याय समोर होते

सीटी स्कॅन झाला, रक्तस्राव नव्हता. पावणेआठ वाजले होते, इंजेक्शनची मुदत अकराच्या आत संपणार होती.

एक पर्याय म्हणजे पक्षाघात मानून इंजेक्शन देणं. ते औषध सुरक्षित नाही, मेंदूत रक्तस्राव होण्याची जोखीम असते. ती जोखीम घ्यायला हात, पाय, बोलणं किंवा नजर यातलं काहीतरी गेलेलं असावं लागतं. बाईंचं फक्त नवं लक्षात ठेवणं गेलं होतं.

दुसरा पर्याय, तडक पुण्याला हलवणं. कुटुंबाचा कल तिकडेच होता, आणि त्यात चूक काही नाही. दादा पाच महिन्यांपूर्वी पक्षाघातानेच गेले होते. पण खंबाटकी घाट ओलांडून पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात पोचेपर्यंत दोन-अडीच तास सहज गेले असते, आणि त्या काळात रुग्णवाहिकेत मागे बाई दर दोन मिनिटांनी ‘मी कुठंय?’ विचारत राहिल्या असत्या. शिवाय तिथे जाऊन वेगळं काय होणार, हे मला सांगता येत नव्हतं.

तिसरा, हा फिटचा प्रकार समजून फिटची औषधं चालू करणं. असा एक विकार आहे खरा, पण त्यात झटके सहसा तासाभरापेक्षा कमी टिकतात आणि पुन्हा पुन्हा येतात. बाईंचा हा पहिलाच प्रसंग होता आणि दीड तास होऊन गेला होता.

चौथा, इथेच ठेवून लक्ष ठेवणं, एमआरआय काढणं आणि वाट पाहणं.

मी पुण्यातल्या एका न्यूरॉलॉजिस्टना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारतायत का?” मी हो म्हणाले. आम्हा दोघांच्याही मनात तेच नाव होतं: ट्रान्झियंट ग्लोबल अ‍ॅम्नेशिया, तात्पुरतं सर्वव्यापी विस्मरण. १९९० साली हॉजेस आणि वॉर्लो यांनी त्याचे निकष घालून दिले. झटका कुणीतरी पाहिलेला असावा, नवी आठवण बनणं पूर्ण थांबलेलं असावं, शुद्ध आणि स्वतःची ओळख शाबूत असावी, मेंदूच्या इतर भागांची लक्षणं नसावीत, अलीकडे डोक्याला मार किंवा चालू फिट्सचा आजार नसावा आणि चोवीस तासांच्या आत सगळं पूर्ववत व्हावं. शेवटचा निकष वाट पाहिल्याशिवाय कळत नाही. साधारण पन्नास ते सत्तर या वयात हा प्रकार दिसतो, अर्धशिशी असलेल्यांत जास्त, आणि अचानक थंड पाण्यात शिरणं, जोर लावणं, मनाला धक्का बसणं ही त्याची ओळखीची निमित्तं. बाईंचं सगळं जुळत होतं.

आम्ही चौथा पर्याय घेतला.

आत नेमकं काय बिघडलं होतं

नातेवाइकांना समजावताना मला जे सांगावं लागलं ते इथे जरा सविस्तर लिहिते, कारण त्याशिवाय पुढची माझी चूक कळणार नाही.

कानशिलाच्या आतल्या बाजूला, डावीकडे एक आणि उजवीकडे एक, असे हिप्पोकॅम्पस असतात. आकार समुद्रघोड्यासारखा, म्हणून ते नाव. १९५३ मध्ये अमेरिकेत एका तरुणाच्या फिट्स थांबवण्यासाठी विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदांनी दोन्ही बाजूंचे हे भाग बऱ्याच अंशी काढून टाकले. फिट्स कमी झाल्या, पण त्यानंतर नव्या घटना त्याच्या लक्षात राहणं कायमचं बंद झालं. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याचा अनेक वर्षं अभ्यास केला. आरशात बघून चांदणीची रेघ गिरवायला तो शिकला, दिवसागणिक हात सफाईदार होत गेला, पण हे आपण आधी कधी केलंय याची त्याला आठवण नसायची. म्हणजे घटना लक्षात राहणं आणि हात तयार होणं ही दोन वेगळी खाती आहेत.

लक्षात राहतं म्हणजे काय होतं? दोन चेतापेशी जिथे भेटतात त्या जागेला सायनॅप्स म्हणतात. ओस्लोत टेरये लोमो आणि टिम ब्लिस यांनी बेशुद्ध सशांच्या हिप्पोकॅम्पसकडे जाणाऱ्या तंतूंना विजेचे जलद ठोके दिले, तर पलीकडच्या पेशींचा प्रतिसाद वाढला आणि तासन् तास वाढलेलाच राहिला. हे १९७३ मध्ये प्रसिद्ध झालं. वापराने सायनॅप्स बळकट होतो, आणि तो बदल टिकतो, याचा हा ढळढळीत पुरावा होता.

तो कसा होतो हे पुढच्या वीसेक वर्षांत उलगडलं. एक पेशी ग्लुटामेट नावाचं निरोप नेणारं रसायन सोडते. पलीकडच्या पेशीवर त्याची दोन प्रकारची दारं असतात. एएमपीए नावाचं दार लगेच उघडतं. एनएमडीए नावाच्या दारात मॅग्नेशियमचा बूच बसलेला असतो. पलीकडची पेशी आधीच चांगली चेतलेली असेल तरच तो बूच निघतो आणि कॅल्शियम आत शिरतं. दोन्हीकडून एकाच वेळी हालचाल असल्याशिवाय हे दार उघडत नाही. आत आलेलं कॅल्शियम काही एन्झाइमांना जागं करतं, ती सायनॅप्सवर आणखी एएमपीए दारं बसवतात, आणि पुढच्या वेळी तोच निरोप जास्त जोरात ऐकू येतो. हे तासांचं काम. दिवसांपलीकडे टिकायचं तर नवी प्रथिनं तयार व्हावी लागतात. १९८६ मध्ये रिचर्ड मॉरिस आणि सहकाऱ्यांनी उंदरांत औषधाने एनएमडीए दारं बंद केली. गढूळ पाण्याच्या हौदात, पाण्याखाली लपवलेला चौथरा कुठे आहे हे त्या उंदरांना धड शिकता आलं नाही.

हिप्पोकॅम्पसमधली सीए-१ नावाची पट्टी या साखळीतली शेवटची महत्त्वाची कडी. ती फार नाजूक आहे. प्राणवायू थोडा कमी पडला, ग्लुटामेट थोडं जास्त सांडलं, की पहिला फटका तिला बसतो. ज्या एनएमडीए दाराने आठवण आत येते त्याच दाराने कॅल्शियमचा लोंढा येऊन पेशी गुदमरते. बाईंच्या प्रकारच्या विस्मरणात नेमकी हीच पट्टी काही तास ठप्प होते. ते कशाने होतं याबद्दल तीन मतं आहेत: शिरांमध्ये रक्त तुंबणं, धमनीतून रक्त कमी येणं, आणि अर्धशिशीत मेंदूवरून सरकते तशी पेशींचं काम मंदावण्याची लाट. जर्मनीतल्या कील इथल्या संशोधकांनी २०१० मध्ये असे रुग्ण झटका चालू असताना तपासले. मॉरिसचा पाण्याचा हौद संगणकावर तयार करून त्यांना त्यात वाट शोधायला लावली. सीए-१ मध्ये दोन-तीन मिलिमीटरचा ठिपका असलेल्या माणसांनाही जागा शिकता आली नाही.

आमच्या वॉर्डात याला हौद लागला नाही. बाथरूम खोलीबाहेर डावीकडे दुसरं दार. बाई तीनदा गेल्या, तिन्ही वेळा दारात थांबून विचारलं, “कुठल्या बाजूला गं?”

हे सगळं जाऊबाईंना मी असंच सांगत बसले नाही. त्या शेतातल्या. त्यांना म्हटलं, पाटाला पाणी आहे, पण दारं धरायला माणूस नाही. पाणी येतंय, पुढे वाहून जातंय, वाफा कोरडाच राहतोय. आधी भिजलेले वाफे आहेत तसेच आहेत. त्या लगेच म्हणाल्या, “मग दारं धरणारा येतोय का परत?” मी म्हटलं, बहुतेक दुपारपर्यंत येईल.

काय केलं, आणि माझं कुठे चुकलं

साडेनऊला एमआरआय झाला. स्वच्छ. सलाइनची एक सुई, बीपी आणि नाडी मोजणं, एक माणूस सतत सोबत. दुसरं औषध काही नाही. ईईजी (मेंदूतल्या विजेच्या हालचालीचा आलेख) दुपारी काढला, तोही नॉर्मल.

सिस्टरने एक गोष्ट आपणहून केली. कापसाचा गोळा बाईंच्या हातात दिला. बाईंनी तो बोटांनी पिंजला, तळव्याला किंचित राख लावल्यासारखा हात झटकला (घरी राख घेतात, ती सवय), आणि मांडीवर वाती वळायला लागल्या. एकसारख्या, टोकाला नेमका पीळ. तोंडाने चालू होतं, “दिवे सोडले का गं?” आणि हात वातीमागून वात वळत होते. तासाभरात ट्रेमध्ये चाळीसेक वाती झाल्या. प्रत्येक वेळी ट्रेकडे बघून त्या विचारायच्या, “इतक्या वाती कुणी केल्या?” हात शांत राहिले म्हणून त्याही शांत राहिल्या. शांत झोपेसाठी इंजेक्शन द्यायचा विचार माझ्या मनात आला होता. ते दिलं असतं तर त्या बऱ्या कधी झाल्या हेच कळलं नसतं.

आता दादांचं. सकाळी आठच्या सुमारास बाईंनी दुसरा प्रश्न सुरू केला: “दादाला कळवलं का? तो येईल.” जाऊबाई म्हणाल्या, “सांगते हो दादांना.” बाईंचं समाधान झालं. मी तिथे उभी होते. मी जाऊबाईंना बाजूला घेऊन म्हटलं, खोटं सांगू नका, गोंधळ वाढतो. जे खरं आहे ते शांतपणे सांगा. रुग्णाला भान आणून द्यायचं, दिवस, वार, जागा, घडलेल्या गोष्टी पुन्हा पुन्हा सांगायच्या, ही आम्हाला शिकवलेली रीत. ती मी विचार न करता इथे लावली. जाऊबाई गप्प बसल्या.

साडेआठला बाईंनी पुन्हा विचारलं, तेव्हा पुतण्याने माझ्या सांगण्याप्रमाणे सांगितलं की काकू, दादा जूनमध्ये गेले. त्या खोलीतून जो आवाज आला तो मी विसरलेले नाही. पाच महिन्यांपूर्वीची बातमी त्यांच्यासाठी त्या क्षणाची होती. ज्या माणसाला भावाचं जाणं पहिल्यांदा कळतंय त्याचं ते रडणं होतं. तीन-चार मिनिटांनी त्यांनी डोळे पुसले, ओला पदर बघितला, आणि विचारलं, “मी रडत का होते? दादाला कळवलं का?”

सव्वादहाला मुलगा पुण्याहून पोचला. त्यालाही फोनवर मी तेच सांगून ठेवलं होतं. त्याने आईचा हात धरून दुसऱ्यांदा सांगितलं. मी दारात पोचले तेव्हा बाई पुन्हा तशाच रडत होत्या, मुलगा रडत होता, आणि जाऊबाई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. तिथे मी ते थांबवलं.

अमेरिकेतल्या आयोवात २०१० मध्ये झालेला एक अभ्यास मी वाचलेला होता. हिप्पोकॅम्पस खराब झालेल्या रुग्णांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. फितीत काय होतं हे ते थोड्याच वेळात विसरले, पण मनातलं दुःख बराच वेळ मागे राहिलं. मजकूर पुसला जातो, भावना तशीच लगेच पुसली जात नाही. वाचलेलं होतं, पण खाटेशी उभं असताना त्याचा उपयोग मला सुचला नाही. जाऊबाईंनी काही न वाचता बरोबर केलं होतं, आणि मी ते मोडून काढलं होतं.

त्यानंतर आम्ही ठरवलं ते असं. दादांबद्दल विचारलं की “कळवतो” एवढंच. नातवाची बातमी मात्र दर वेळी द्यायची. ती द्यायला सगळे पुढे यायचे. “अगं बाई! कधी? कुणावर गेलाय?” हा आनंदही दर वेळी पहिलाच असायचा. सिस्टरने एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘बाई, तुम्ही साताऱ्यात दवाखान्यात आहात. थोड्या वेळासाठी लक्षात राहत नाहीये. दुपारपर्यंत बरं होईल. दिवे सोडून झाले आहेत.’ पुठ्ठा त्यांच्या मांडीवर ठेवला. बाई तो वाचायच्या, मान डोलवायच्या, पुन्हा वाचायच्या. तोंडी प्रश्न बरेच कमी झाले. शिक्षिकेचा लिहिलेल्या शब्दावरचा विश्वास त्या दिवशी उपयोगी पडला, असं मला वाटतं.

निष्पत्ती

दुपारी सव्वाला सिस्टर बीपी मोजायला गेली. बाई तिच्याकडे बघत राहिल्या, आणि म्हणाल्या, “तू मघाशी येऊन गेलीस ना?” सिस्टर धावतच माझ्याकडे आली.

त्यानंतर एकेक गोष्ट परत येत गेली. आधी जुनी, मग अलीकडची. दोनच्या सुमारास दादांचं जाणं त्यांना आपलं आपल्यालाच आठवलं, कुणी सांगावं लागलं नाही. तीनपर्यंत आदल्या संध्याकाळपर्यंतचं सगळं आलं. पहाटे ६.२० पासून दुपारी एकपर्यंतचा तुकडा मात्र आला नाही, आणि येणारही नाही. तो विसरलेला नाही, तो लिहिलाच गेला नव्हता. द्रोणात दिवे सोडल्याचंही त्यांना आठवत नाही, ती वेळ अगदी कडेला होती.

संध्याकाळी फेरीला गेले तेव्हा त्या नीट बोलत होत्या. मी उठायला लागले तर म्हणाल्या, “मॅडम, मला सकाळपासून खूप रडून झाल्यासारखं का वाटतंय?” मी खाली बसले आणि काय झालं होतं, ते कुणाच्या सांगण्यावरून झालं होतं, हे सांगितलं. मुलगाही तिथेच होता. बाई म्हणाल्या, “पोराला दोष देऊ नका.” मी म्हटलं, दोष माझा आहे.

दुसऱ्या दिवशी घरी जायची घाई होती. एमआरआय स्वच्छ आहे म्हणजे काही झालंच नव्हतं, असं मुलाचं मत बनलं होतं. पण या प्रकारातला ठिपका पहिल्या काही तासांत बहुधा दिसत नाही, चोवीस ते बहात्तर तासांत सर्वांत चांगला दिसतो. निदान लक्षणांवरून झालेलं होतं, दुसऱ्या स्कॅनची सक्ती नव्हती. खर्च सांगितला, काय मिळेल आणि काय नाही हे सांगितलं. दादांचा इतिहास मनात असल्यामुळे कुटुंबाने करायचं ठरवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी डाव्या हिप्पोकॅम्पसमध्ये, सीए-१ च्या जागी, दोनेक मिलिमीटरचा एक पांढरा ठिपका दिसला. मुलगा पडद्यावर बोट ठेवून म्हणाला, “एवढाच?” हे ठिपके पुढे विरून जातात. त्या ठिपक्यामुळे आयुष्यभराची रक्त पातळ करणारी गोळी टाळता आली, एवढा त्याचा प्रत्यक्ष फायदा. पुढे पक्षाघाताचा धोका वाढतो असं बहुतेक अभ्यासांत आढळलेलं नाही. पुन्हा असा झटका थोड्याच लोकांना येतो.

सहा आठवड्यांनी स्मरणाच्या सविस्तर चाचण्या वयाच्या मानाने नॉर्मल. नदीवर जाऊ का, हे त्यांनी पहिल्यांदा विचारलं. मी नाही म्हटलं नाही. एकदम बुडी नको, पायरीवर बसून आधी पाय, मग तांब्याने अंगावर, एवढंच सांगितलं.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली पंधरा मिनिटं. जो माणूस सोबत होता त्याच्याशी आधी बोलायचं, मग तो कितीही गप्प, म्हातारा किंवा बोचकं घेऊन बाकावर बसलेला असो. इंजेक्शनचा निर्णय खरोखर घ्यावा लागला असता तर ती पंधरा मिनिटं महाग पडली असती. आता आमच्या कॅज्युअल्टीच्या कागदावर ‘नातेवाईक’ या रकान्याच्या वर ‘त्या वेळी सोबत कोण होतं’ असा वेगळा रकाना आहे.

पहिला एमआरआय मी पुन्हाही काढेन, पक्षाघात वगळायला तो हवा. पण तो काढायच्या आधी सांगेन की स्वच्छ आला तरी याचा अर्थ काही घडलं नाही असा होत नाही. नंतर सांगितलं की ती सारवासारव वाटते.

पुठ्ठा सात वाजताच लिहायला हवा होता. तो आता ड्रॉवरमध्ये कोरा तयार असतो, जागा, सोबतचं माणूस आणि ‘बरं होईल’ एवढी तीन वाक्यं भरायला.

आणि दादांचं. यावर सहकाऱ्यांत माझा वाद झाला. एकाचं म्हणणं, रुग्णाशी असत्य बोलायची सवय लागली तर ती कुठे थांबेल? प्रश्न रास्त आहे. माझं म्हणणं असं की खरं सांगायचं ते माणसाला त्याचा उपयोग करता यावा म्हणून. ज्या मेंदूत ते सत्य तीन मिनिटंही राहणार नाही आणि त्याचं दुःख मात्र राहणार आहे, त्याला ते सात तासांत पुन्हा पुन्हा ऐकवण्यात मला आता काही उपयोग दिसत नाही. ‘कळवतो’ हे मला आजही पूर्ण पटलेलं उत्तर नाही. ‘दादांची आठवण येतेय का तुम्हाला?’ असं विचारून त्यांना दादांबद्दल बोलू देणं कदाचित जास्त बरं झालं असतं. पुढच्या वेळी ते करून बघेन.

फेरतपासणीला दोघी जावा आल्या होत्या. बाई वजनकाट्याकडे गेल्या तेव्हा मी जाऊबाईंना विचारलं, त्या सकाळी तुम्ही मला काही बोलला का नाहीत, आणि ‘सांगते’ म्हणायचं तुम्हाला सुचलं कसं. त्या थोडं थांबल्या.

“मॅडम, त्यांना ते ठाऊक होतं की,” त्या म्हणाल्या. “जूनमधी एकदा रडून झालं होतं त्यांचं.”